वरच्या साहेबांच्या गोळ्या

बांधकामावर सगळ्यात उंच बसणारा माणूस म्हणजे दादा. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये सकाळी चढला की तो थेट संध्याकाळीच उतरायचा, म्हणून खालची माणसं त्याला ‘वरचे साहेब’ म्हणत. धाकटा भाऊ खाली उभा राहून हाताच्या खुणांनी सांगायचा: उचल, थांब, हळू सोड. वर दादाने जांभई दिली तरी धाकट्याला खालून कळतं, अशी सगळ्यांची थट्टा चाले.

वर बसायचं तर पाणी बेतानं प्यायचं, हा दादाचा दंडक. लघवीसाठी शिडी उतरायची म्हणजे सगळं काम खोळंबणार आणि मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. उन्हात केबिन भट्टीसारखी तापायची, तरी हा बाबा घोटभर पाण्यावर दिवस काढायचा. खाली सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायचं.

मग त्याच्या पायाचा अंगठा सुजला. लालबुंद झाला, चादरीचा स्पर्शही सोसवेना. डॉक्टर म्हणाले, हा गाऊट आहे. युरिक ॲसिड वाढलंय. ही गोळी रोज घ्या, पाणी भरपूर प्या, नाहीतर उद्या किडनीवर येईल.

आठवडाभरात सूज उतरली आणि दादाने रोजची गोळी बंद केली.

“दुखत नाही तर औषध कशाला गिळू?” तो बायकोला, म्हणजे धाकट्याच्या वहिनीला, म्हणाला. तिने डोक्याला हात लावला, पण त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार?

दुखणं परत आलंच. तेव्हा दोघा भावांनी युक्ती काढली. दादा केबिनच्या खिडकीतून फडकं हलवायचा. धाकटा दुकानातून आणून ठेवलेल्या वेदनाशामक गोळ्या रुमालात बांधून हुकाला अडकवायचा आणि ‘उचल’ची खूण करायचा. शिडी न उतरता औषध हातात! दोघेही स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते. आधी अधूनमधून जाणारा रुमाल पुढे रोज वर जाऊ लागला, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

एके सकाळी दादाचा चेहराच सुजलेला होता. पोटात काही ठरेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी वहिनीला आणि धाकट्याला दादाच्या पलंगाजवळच बसवलं.

“युरिक ॲसिडने किडन्या आधीच पोखरल्या होत्या. त्यात पाणी नाही आणि वर या गोळ्यांचा मारा. दोन्ही गेल्यात जमा आहेत. कोण देत होतं यांना या गोळ्या?”

पलंगावरून दादाच बोलला, “मीच आणायचो.”

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिला रुमाल ठाऊक होता. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“माझी किडनी काढा,” तो डॉक्टरांना म्हणाला. “आजच काढा.” त्याच्या तपासण्या होईपर्यंत वहिनी पुन्हा त्याच्याशी बोलू लागली, त्याला वेळेवर जेवू घालू लागली. घरात थोडी आशा आली.

डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि नकारार्थी मान हलवली. क्रेन चालू असताना जागा सोडायची नाही म्हणून धाकट्यानेही पाणी बेतानंच प्यायलेलं. त्याचंही युरिक ॲसिड खूप वाढलेलं होतं, दोन्ही किडन्यांत खडे होते.

“एक तरी चालेल ना, साहेब?” त्याने हात जोडले. “अर्धवट असली तरी घ्या.”

“तुम्हालाच सांभाळायला हवं आता. वेळेत कळलं म्हणून तुमच्या वाचतील.”

दादाला डायलिसिसच्या मशीनला जोडलं होतं. वहिनी उशाशी बसली होती. धाकट्याने कसंबसं सगळं सांगितलं. वहिनीने पदर तोंडाशी नेला. दादा मात्र चक्क हसला.

“म्हणजे मी आजारी पडलो नसतो तर तुझं कळलंच नसतं. बरं झालं रे.”

यात बरं काय झालं, असं धाकट्याला ओरडून विचारायचं होतं. पण दादाच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं, आणि भावाला देण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काहीच उरलं नव्हतं.

“हो, दादा,” तो म्हणाला. “बरं झालं.”