चौथ्या तारेची खाच

किन्शासाच्या मोठ्या बाजारात गिटार बघायला गेले तेव्हा माझी लेक लुझोलो पाठीवर फडक्यात बांधलेली होती. आठ महिन्यांची. विकणारे पापा एबाका लाल गिटार पुढे सरकवत म्हणाले, "ही घे, पोरी. लांबून चमकते."

"चमकायला मी आहे ना, पापा. वजन किती हिचं?"

गळ्यात अडकवली तर पट्टा थेट लेकीच्या कुशीत रुतला, ती कुरकुरली. मग कोपऱ्यातली तपकिरी उचलली. स्वस्त, हलकी, खुंट्या ढिल्या. पण एक डोळा मिटून पाहिलं तर दांडी सरळ होती. बाकी सगळं बदलता येतं, वाकडी दांडी नाही.

बाळंतपणापर्यंत चर्चच्या बँडमध्ये मधली गिटार माझी होती, मुख्य आणि ठेक्याच्या गिटारींच्या मधली. आमचे प्रमुख पापा न्कान्झा स्पष्टच म्हणाले होते, "रविवारी वाजव. प्रार्थनेतल्या नाचाच्या वीस मिनिटांत तार उतरली तर जागा मावुंगूची. पोर लहान आहे हे मला कळतं, तालाला कळत नाही."

"आधी तारांखालचा पिकअप बदल, आवाज तरी मोठा येईल," नवरा कियाला म्हणाला. मी नव्या खुंट्या बसवल्या आणि पट्टी करायला घेतली. तारा जिच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात, ती. आमच्याकडे मधल्या गिटारीला चौथी तार जाड नसते, बारीक असते, वरच्या सप्तकातली. तयार पट्टीच्या रुंद खाचेत ती खडखडते. म्हणून रश्शातलं गाईचं हाड धुऊन वाळवलं, आणि लुझोलो झोपली की कानशीने घासत बसले.

ती उठायची, मी हात धुऊन तिला पाजायचे, आणि ती पुन्हा झोपेपर्यंत मलाच डुलकी लागायची. अशा तीन दुपारी गेल्या. गुरुवारी पेंगतच घासलं आणि चौथी खाच खोल गेली. तार दांडीला टेकून मेल्यासारखी वाजली.

"विकत आण ना एखादी," कियाला म्हणाला.

"विकत मिळत असती तर हाडं घासत बसले असते का?"

तो उठला, लेकीला उचलून अंगणात गेला. मी दुसरं हाड घेतलं.

रविवारी नाच लांबतच गेला. मावुंगू पहिल्या बाकावर हाताची घडी घालून माझ्या खुंट्यांकडे बघत होता. लुझोलो पाठीवर झोपलेली, गरम, घामेजलेली, तिचं कपाळ ठेक्याठेक्याला माझ्या मानेला लागत होतं. चौथी तार शेवटपर्यंत सुरात राहिली.

पापा न्कान्झांनी येऊन ती एकदा छेडली. "हाड कसलं?"

"रश्शातलं."

"हं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सराव. चारला ये. मावुंगूला मी सांगतो."

"बरं, पापा," मी म्हणाले. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. मग बाहेर पायरीवर बसले. मंगळवार परवाच होता. लेकीला सोडवून मांडीवर घ्यावं असं फार वाटत होतं, पण गाठ सोडायला हातच उचलवेनात. तशीच बसून राहिले, तिच्या श्वासाबरोबर पाठ वरखाली होत होती.