खंडेनवमीचं तेल

आमच्या घरात खंडेनवमीला कुणी शाणं राहत न्हाय. लोखंडाचं जे काय असंल ते भाईर काढायचं, घासायचं, तेलाच्या फडक्यानं पुसायचं आणि सोप्यात वळीनं मांडून पुजायचं. कुळव, खुरपी, विळं, कोयतं, आप्पांची टीव्हीएस मोपेड. आप्पा म्हंजे आमचं मालक, रचनाचं वडील. नाव मी घेत न्हाय, तुमी समजून घ्या. एरवी ह्या माणसाला घरातली काडी हिकडची तिकडं कराय नगं, पण त्या दिवशी सकाळी उठल्यापासनं शेंगतेलाची वाटी घेऊन बसत्यात. आणि एक नेम हाय आमच्यात. पुजल्याली वस्तू त्या दिवशी हलवायची न्हाय. दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाच तिला हात लावायचा.

ह्या वर्साला वळीत एक नवी वस्तू हुती. रचनाची घडीची बॅटरीची सायकल.

रचना आमची थोरली लेक. बेळगावात दवाखान्याच्या लॅबमधी हाय. गावापासनं गुंजीचं स्टेशन लांब, वडापची जीप वेळंवर मिळंना, म्हणून तिनं ही सायकल घेतली. घरनं स्टेशनापतोर चालवायची, तितं घडी घालायची आणि रेल्वेत घेऊन चढायची. आप्पांनी लई दिवस तोंड वाकडं केलं. "घडी घालाय ती काय चादर हाय व्हय?" म्हणायचं.

खोक्यातनं काढून जोडली तवा धरून मीच बसलते, म्हणून मला म्हाईत. मधला खटका बसला की वरनं बारकी कडी लावायची, त्याबिगर बसायचं न्हाय. सीटच्या दांड्यावर रेघ हाय, ती दिसाय लागली म्हंजे दांडा लई वर काढला. आणि दोनी चाकांना लोखंडाच्या पातळ चकत्या हाईत. ब्रेक दाबला की चिमटा त्या चकत्या धरतोय आणि गाडी थांबती. एकदा मी पदरानं पुसाय गेले तर माझा हातच धरला तिनं. "आई, ह्येला बोट बी लावू नगंस. बोटाचं तेल बी चालत न्हाय, ब्रेक घसरतोय."

रोज निघताना खटका बघायची, चाकं दाबायची, दोनी ब्रेक धरून गाडी फुडं ढकलून बघायची, मगच बसायची. मी म्हणायची, आगं सायकल चालवतीस का विमान? पण तिनं कवा सोडलं न्हाय.

तर त्या सकाळी आप्पा आपणहून म्हणालं, "तिची बी मांडतो वळीत." खरं सांगते, मला लई बरं वाटलं. एवढं दिवस जिला नावं ठेवली ती घरातली झाली म्हणायची. रचना बी खूश झाली. तिनं सायकल उलगडून दिली, बॅटरी काढून आत खोलीत ठेवली, कापूर जळतोय तितं बॅटरी नगं म्हणाली, आणि न्हायाला गेली. मी चुलीपाशी पोळ्यांच्या नादात. आप्पांनी काय पुसलं, काय न्हाय, कोण बघतंय?

पूजा झाली, आणि फोन आला. लॅबमधली दुसरी पोरगी आजारी पडली हुती, रचनाला ताबडतोब बोलावलं.

"आज ती गाडी हलायची न्हाय," आप्पा म्हणालं.

"आप्पा, तितं पेशंट खोळंबल्यात."

"वडापनं जा."

"सणाचं वडाप कुठलं आलंय?"

"मग मला सांगू नगं. पुजल्यालं हाय ते. आमच्या बापजाद्यांनी कवा मोडलं न्हाय."

"तुमच्या बापजाद्यांना ड्युटी न्हवती," रचना म्हणाली.

असं बोलाय नगं हुतं. आप्पांचं तोंड एवढंसं झालं. पण ती तरी काय करंल, नाकावर राग, बापाचीच लेक. तिनं झेंडूची माळ काढून कोयत्यावर टाकली, बॅटरी आणून बसवली, रागात बी खटका आणि कडी तेवढी चाचपली आणि गेली. ब्रेक काय बघितलं न्हाई. मी पोळी घेऊन दारात येईस्तोवर ती गल्लीच्या टोकाला.

आप्पा कट्ट्यावर बसून धुसफुसाय लागलं. "सकाळधरनं पुसून काढली मी. तार न् तार. चाकाच्या चकत्या तर आरशागत केल्या, दोनदा तेल लावून. आणि ही बया माळ काढून टाकती."

मी तितंच थांबले. "कुठल्या चकत्या?"

"चाकाच्या. दोनी. गंज चढल्यागत दिसत हुत्या."

मी पोळी तितंच टाकली. आमच्या वाडीतनं निघालं की शेताकडनं सपाट वाट हाय, तितं ब्रेक लागत न्हाय. पण मारुतीचं देऊळ सोडलं की उतार. दोनी बाजूला चिरा तोडून झाल्याली हुबी भिंत, आणि खाली वाट सरळ गोव्याच्या रस्त्यावर जाती. तितं लॉरी कुणासाठी थांबत न्हाय.

"आवं, ब्रेक लागायचा न्हाय तिचा," मी म्हटलं. "तेलानं ब्रेक लागत न्हाय. फोन लावा तिला, फोन लावा."

आप्पांनी लावला. आणि सोप्यात, विळ्या-खुरप्यांच्या मधी, हळदीकुंकवात तिचा फोन वाजाय लागला. बॅटरी बसवताना खाली ठेवल्याला, तसाच राहिल्याला.

आता राहिली टीव्हीएस. तिच्या दोनी चाकांखाली लिंबू, हँडलला माळ, फुडं फोडल्याला नारळ. ह्या माणसानं जन्मात कवा विळा ओलांडला न्हाय, खुरप्याला पाय लागला तर नमस्कार करणारा माणूस. तो तितं हुबा राहून बघाय लागला.

"काय बघताय? माझी पोर जातीय," मी वरडले.

त्येंनी पायानंच लिंबू उडवलं. नारळ कुठं गेला, ताट कुठं गेलं. किक मारली, आणि मी पिठाच्या हातानं मागं बसले. कशापायी बसले ते मला इचारू नगा. घरात बसून ऱ्हायाचं बळ न्हवतं.

शेताच्या वाटंवर ती कुठं दिसंना. मी त्येंच्या कानात बोलतच हुते. एवढं हात शिवशिवत हुतं व्हय, इचाराय काय झालतं, तोंड झिजत हुतं का तुमचं? माळ तशीच हँडलला, वाऱ्यानं फुलं तुटून माझ्या तोंडावर याय लागली.

देवळापसनं खाली बघितलं तर रचना उताराच्या मधी. दोनी पाय खाली, चप्पल रस्त्याला घासालीय, आणि सायकल किरकिर आवाज करत चाललीय. थांबंना. जोर वाढतच हुता.

आप्पांनी गाडी सोडली ती तिच्या बाजूलाच नेली.

"दाब की गं."

"दोनी दाबलंय आप्पा. लागंना."

तिचं तोंड पांढरं पडल्यालं. उडी टाकावी तर भिंतीला डोकं, न टाकावी तर खाली रस्ता. माझा हात फुडं गेला, तिला धरावं म्हणून, आप्पा वरडलं, "हात लावू नगं, दोगी जाशीला." बाजूला जाऊन बी आमाला काय करता येईना. लेक हाताच्या अंतरावर, आणि आमी नुसतं तिच्यासंगं खाली चाललोय.

तेवढ्यात रामनगरकडनं हॉर्न वाजला. मोठ्या लॉरीचा.

आप्पांनी तिच्याकडं एकदा बघितलं. "सरळ जा," म्हणालं. "वळू नगंस. रस्ता पार कर, पल्याड भात हाय. भातात घाल." आणि ॲक्सिलेटर पिळला.

ते काय करणार हाईत ते मला रस्त्यावर पोचल्यावरच कळलं. त्येंनी टीव्हीएस रस्त्याच्या मधी आडवी लावली, लॉरीच्या तोंडाम्होरं, आणि दोनी हात पसरून हुबं राहिलं. मागं मी बसलीय ह्ये इसरलंच हुतं. लॉरीची चाकं किंचाळली. मी डोळं मिटलं. डोळं उघडलं तवा लॉरीची धग तोंडाला लागत हुती, आणि मागनं धप्पकन आवाज आला.

रचना रस्ता पार करून भातात पडली हुती.

आप्पा धोतर सावरत पळालं. चिखलात गुडघ्यापतोर जाऊन तिला उठवली. कोपर सोलल्यालं, हनवटीला लागल्यालं, बाकी धड. कडी लावली हुती म्हणून सायकल मधनं मिटली न्हाय, न्हाईतर दांडा पोटात जायचा. मी तिला पोटाशी धरली आणि रडले, लाज काय वाटली न्हाई.

लॉरीवाल्यानं कानडीत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग पोरीकडं बघून स्वताच पाण्याची बाटली आणून दिली.

कोपऱ्यावर भरमूचं चहाचं हॉटेल हाय. तितली माणसं गोळा झाली. भरमूनं बाकडं दिलं, हळद आणली, आणि लागला बोलाय. "आरं गड्या, म्या सांगितलं हुतं का न्हाय? असली बॅटरीची खेळणी. ब्रेकच न्हाई तिला. इकून टाक." चारचौगं माना हलवाय लागली. एकजण म्हणाला, पोरीच्या जातीला पायजेच कशाला.

आप्पा तितंच खाली बसून रचनाच्या कोपरावरचा चिखल पुसत हुतं.

रचना उठली. कुणीतरी भातातनं वडून आणल्याल्या सायकलीपाशी गेली, चाकाच्या चकतीवर बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं. शेंगतेलाचा वास लपतोय व्हय? तिनं एकदा बापाकडं बघितलं. मग भरमूला म्हणाली, "व्हय काका. ब्रेकच खराब असंल."

लेकीनं बापाला झाकलं हुतं, मी कशाला उघडं पाडू? माझा राग सगळा घरात निघाला असता, चारचौघांत न्हाय.

आप्पांचा हात थांबला. "खोटं बोलू नगंस," म्हणालं. मग भरमूकडं वळलं. चारचौघांत आपलं चुकलं म्हणताना ह्या माणसाला मी लग्नापासनं ऐकलं न्हवतं. "गाडी चांगली हाय, भरम्या. रोज जाती-येती. आज तिच्या ब्रेकाला तेल लावलं. मी लावलं, माझ्या हातानं. पूजा म्हणून."

माना हलवणारी माणसं चहाच्या कपात बघाय लागली. लॉरीवाल्याला मराठी किती कळलं देव जाणे, पण त्यानं बी मान खाली घातली.

"तसं न्हाय आप्पा," रचना म्हणाली. "मी बघून निघाय पायजे हुतं. रोज बघते. आजच रागात बघितलं न्हाय."

"तू कशाला बघशील?" आप्पांचा आवाज फुटला. "घरच्या माणसानं हात लावल्यालं कोण बघून घेतंय गं?"

रचना त्येंच्या बाजूला बसली. तेलाचं बोट तिनं ओढणीला पुसलं आणि त्येंच्या हातावर हात ठेवला.

"हितनं फुडं बघीन," ती म्हणाली.

"बघ," आप्पा म्हणालं. "माझं हात लागलं असलं तर आदी बघ."

मग ते उठलं, सायकल खांद्यावर घेतली आणि उतार चढाय लागलं. मी टीव्हीएस ढकलत मागनं निघाले. रचनाला लॉरीवाल्यानंच बेळगावापतोर नेलं, ड्युटीवर.