विटकरी स्वेटरची बाही

"विणकाम म्हणजे आहे काय?" मामा म्हणाला. "दोन सुया आणि एक गुंडा. बायकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय. मी जन्मभर घाटात बस चालवली. मला दोन सुया चालवता येणार नाहीत?"

हे तो आमच्या बैठकीच्या खोलीत उभा राहून, सुया तलवारीसारख्या धरून म्हणाला. रिटायर झाल्यावर त्याची बोटं आखडायला लागली होती. स्टिअरिंग धरून धरून ती तशीच गोल राहिली होती, हातात कप नसताना कप धरल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, काहीतरी बारीक काम करा, बोटं हलती ठेवा. शेजारच्या नर्सबाईंनी त्याला टाके घालायला शिकवले, सुलट शिकवला, उलट शिकवला, आणि मग त्यांची ड्युटी बदलली. टाके बंद कसे करायचे ते राहूनच गेलं.

मामानं हे कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलंही नाही. जन्मभर त्यानं कुणाला रस्ता विचारला नव्हता, तर टाका काय विचारणार? त्यामुळे त्याचा पहिला मफलर वाढतच गेला. सोफ्यावरून खाली उतरला, पंख्याच्या बटणाखालून वळला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचला.

"अहो, हा थांबणार कधी?" मामीनं विचारलं.

"मधे बोलू नकोस. लय जाते."

"लय कसली? ब्रेक कुठंय ते माहीत नसताना गाडी काढलीत तुम्ही!"

तेव्हा त्यानं कात्री घेतली. कापल्या जागेवरून मफलर उसवायला लागला, म्हणून गाठी मारल्या. गाठी पुरेनात, म्हणून ऑफिसातलं असतं तसं स्टेपलर मारलं. मग छान कागदात बांधून तो मफलर त्याच्या जुन्या कंडक्टरला भेट दिला.

मग भेटींचा सपाटाच सुरू झाला. मला टोपी आली, ती किटलीला बसली. माझ्या बायकोला मोजे आले. एक पायात गेला, दुसऱ्यात आम्ही टॉर्च ठेवतो. आम्ही तोंड भरून कौतुक करायचो, कारण घेणाऱ्यानं कागद सोडला की मामा जे तोंड करून बघायचा, त्यापुढं खरं बोलणं कसायाचं काम होतं.

फक्त आईला काही आलं नाही. आई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

झालं होतं असं, की मामाच्या रिटायरमेंटच्या जेवणात कुणीतरी विचारलं, बहिणीनं विणलेला तो मफलर अजून आहे का? मामा रंगात आला होता. म्हणाला, "आहे तर! बसची काच पुसायला एक नंबर. धूळ अशी धरून ठेवतो की विचारू नका." सगळे हसले. आईसुद्धा हसली. आई हसली की आमच्या घरात समजून घ्यायचं, संपलं. त्या दिवसापासून फोनवर तिचं मामीशी बोलणं व्हायचं. मामा शेजारीच असायचा, आणि आई म्हणायची, "त्यांना सांग, तब्येतीला जपा." सख्ख्या धाकट्या भावाला, ज्याला ती आजवर 'छोट्या' म्हणत आली, त्याला 'त्यांना'! मामा दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. पण त्या 'त्यांना'नं तो खरंच छोटा व्हायचा.

"तिचं काय एवढं?" तो मला म्हणायचा. "विनोद केला मी. विनोद कळू नये?"

एकदा तो कंडक्टरकडे गेला. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि हात धुवायला मोरीत गेला, तर गळक्या नळाला त्याचा मफलर गुंडाळलेला. स्टेपलच्या पिना गंजून तांबड्या झालेल्या.

कंडक्टर मागून आला. बिचारा दिलदार माणूस. म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, तुमची वस्तू बाकी भारी हां! थेंब खाली पडू देत नाही."

मामा हसला. घरी आला, जेवला नाही, सुया उशीखाली सारून भिंतीकडे तोंड करून पडला. मामीनं कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"अगं," तो भिंतीलाच म्हणाला, "तो पण माझं कौतुकच करत होता."

"मग?"

"मग काय मग. ताईला काय वाटलं असेल गं?"

मामीनं हे मला फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाली, "इतकी वर्षं मी सांगत होते ते एका नळानं समजावलं."

दुसऱ्या दिवशी मामा नर्सबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला बंद करायचं शिकवा." त्यांनी शिकवलं. मग त्यानं मला आईच्या मापाचा स्वेटर चोरून आणायला लावला. आईचा वाढदिवस जवळ आला होता. मी घरी छोटं जेवण ठरवलं होतं आणि मामा-मामीला बोलवायची परवानगी आईकडून मिळवली होती. म्हणजे आई म्हणाली होती, "तुझं घर, तुझे पाहुणे." आमच्याकडे याला परवानगीच म्हणतात.

मामानं लोकर घेतली ती विटकरी. आईचा आवडता रंग. आणि या वेळी त्यानं खरंच जीव ओतला. चुकला की उसवायचा. पाठ तीनदा उसवली. बोटं दुखायची, तर गरम पाण्यात बुडवून परत बसायचा. मला रोज फोन. "भाच्या, पाठ झाली." "भाच्या, पुढचं झालं, आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत, शपथ!" मग एक दिवस आवाज पडलेला. दुसऱ्या बाहीला लोकर संपली होती. दुकानदार म्हणाला, हा लॉट संपला, आता येणारी विटकरी जरा लालकडे जाते. मामानं ती लालकडे जाणारी बघितली आणि तसाच परत आला. "एक हात उन्हात भाजल्यासारखा दिसला असता," म्हणाला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी आवाज छपराला.

"भाच्या, देव आहे!"

"काय झालं?"

"पलंगाखालच्या पेटीत एक जुनाट स्वेटर सापडला. विटकरी! अगदी तीच शेड. एक कोपर विरलेलं, कुणी घालत नाही. उसवला की सगळा!"

"मामीला विचारलंस?"

"ती लेकीकडे गेलीय. आणि चिंधीसाठी काय विचारायचं?"

मी म्हटलं, छान. मी, जो या घरात शहाणा समजला जातो, तो म्हणालो, छान.

वाढदिवसाला मंडळी मोजकीच. आम्ही, मामा, आणि माझे सासरे, जे खुर्चीत बसले की परीक्षेला आल्यासारखे बसतात. मामी लेकीकडून परस्पर येणार होती. मामानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाह्यांची बटणं लावून. दारात चपला काढताना त्यानं मला विचारलं, "आज 'त्यांना' म्हणेल का रे?" मी म्हटलं, "बघू." केक मधल्या टेबलावर होता. मामानं पुडकं आईच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकला.

आईनं कागद सोडला. स्वेटर उलगडला. एक बाही कशी छान सरळ, आणि दुसरी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी, सगळी सुरकुतलेली, कुरळी. उसवलेली लोकर धुऊन, वजन बांधून वाळवावी लागते, हे नर्सबाईंना विचारायचं राहिलं होतं.

आईनं स्वेटर अंगात घातला. बसला! खांदे जागच्या जागी, लांबी बरोबर. मामाचा श्वास मला ऐकू आला. आईनं हात पुढे करून बघितले, आणि जे आम्ही सगळे विसरलो होतो ते झालं. तिनं सरळ मामाकडे बघितलं.

"तू विणलास?"

'तू'! मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हो."

"सगळा?"

"सगळा. पाठ तीनदा उसवली."

आईनं कुरळी बाही उजेडाकडे धरली. मनगटापाशी लोकरीतून बारीक काळा दोरा गेला होता. इथं दिसे, तिथं बुडे, पुन्हा वर येई.

"आणि हे काळं काय?"

मामानं क्षणभर विचार केला. आणि इथं त्यानं, इतके दिवस मान खाली घालून मिळवलेलं सगळं, एका शब्दात घालवलं.

"डिझाइन," तो म्हणाला. "आमचं स्वतःचं."

तेवढ्यात मामी आली. बॅग खाली ठेवता ठेवता तिनं आईकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, आणि बॅग ठेवायची सोडून ती तशीच वाकून राहिली.

"अहो," ती म्हणाली, "पेटीतला कुठंय?"

"कुठला पेटीतला?"

"अहो, ताईंनी दिलेला! नोकरी लागली तेव्हाचा!"

सासऱ्यांनी चष्मा नीट केला.

आई हसली नाही, हे मी आधी बघून घेतलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "डिझाइन माझंय. याच्या बसच्या खिडकीला काच नव्हती आणि हा कोपर बाहेर टेकून गाडी चालवायचा. महिन्यात कोपर फाटलं. मी ते उसवून लोकरीबरोबर शिवणाचा दोरा पिळून पुन्हा विणलं. काळाच होता घरात. म्हटलं, टिकेल."

"टिकला," मामा म्हणाला. काय म्हणतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "ताई, उसवताना लई जड गेला."

माझी बायको स्वयंपाकघरात पळाली. हसायला गेली की रडायला, मी अजून विचारलेलं नाही. मामा आमच्या खोलीच्या मधोमध उभा होता आणि एवढा मोठा माणूस लपायला जागा शोधत होता. पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, शेवटी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मलाही कुठं बघावं कळेना. 'छान' मी म्हणालो होतो, ते त्यानं सांगितलं नाही. मीही नाही.

"मला आठवलाच नाही," तो म्हणाला. "चिंधी वाटली. मला... ताई, मला आठवायला हवा होता."

"मफलर कुठंय?" आईनं विचारलं.

"आं?"

"काच पुसायचा."

"बसमधे राहिला."

"आणि बस?"

"भंगारात गेली."

आईनं मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. मग स्वेटर काढला, टेबलाशी बसली, शिवणाच्या डब्यातली कात्री मागितली आणि कुरळी बाही खांद्यापासून सोडवून उसवायला घेतली.

"ताई, नको!" मामा ओरडलाच. "मी आणतो दुसरी लोकर! मी परत विणतो! पूर्ण परत विणतो!"

"छोट्या," आई म्हणाली, "हात पुढे कर."

मामानं ऐकलं ते. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो पुढे आला आणि त्यानं दोन्ही हात लांब केले, लहानपणी लडी धरायला करत असेल तसे. आई उसवत गेली आणि त्याच्या हातांवर लोकर गुंडाळत गेली, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बोलत गेली. "नुसती ओढू नये, गाठ बघावी. धुवावी. वजन बांधावं. तुला कुणी सांगितलं नाही? सांगणारीवर विनोद केलास, म्हणून सांगितलं नाही. हात वर. वाकव नको. पहिल्यापासून वाकवतोस. पाठ बरी जमलीये. बरी म्हटलं, चांगली नाही."

"हो ताई."

"खिडकीला काच नाही तर नोकरी नको म्हणाले होते ना मी?"

"हो ताई."

लोक जेवायचे थांबलेले, आणि हा माणूस पोलिसांना शरण गेल्यासारखा हात वर करून उभा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि पुसायला हात नाही. शेवटी मामी उठली आणि सगळ्यांदेखत, सासऱ्यांदेखत, तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं.

"शिंकर," मामी म्हणाली.

त्यानं शिंकरलं.

लडी पुरी झाली तेव्हा आईनं ती ओढून घेतली. लोकर मामाच्या मनगटावरच्या बटणात अडकली होती. आईनं झटका दिला, बटण उडालं आणि केकमधे गेलं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या बायकोनं केक कापला आणि पहिला तुकडा वडिलांना दिला. त्यांचा पुढचा दात गेल्याच आठवड्यात बसवला होता.