थांबदादाचा रंग

मला तुम्ही ओळखत नसाल, तर घरातल्या एखाद्या लहान मुलाला विचारा. मी टीव्हीवरच्या कार्टूनमधला थांबदादा. ब्रेक निकामी झालेला ट्रक येऊ दे, नाहीतर भिंत कोसळू दे, मी तळहात पुढे करून "थांब!" म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबतं. रोज संध्याकाळी अर्धा तास जग वाचवतो आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरमध्ये निपचित पडून असतो. एवढा मी बलवान, पण स्वतःच्या चेहऱ्याचं जे झालं ते काही मला थांबवता आलं नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. जिनं मला काढलं तिला स्टुडिओत सगळे ताई म्हणतात. समोर तिचे बाबा शेंगा सोलत बसले होते. बाबा शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते. मुलं रस्ता ओलांडेपर्यंत ते खाली उतरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभे राहायचे. तोच हात ताईनं मला दिला. रुंद नाक, जाड ओठ, बारीक कुरळे केस आणि काळाभोर रंग, हेही सगळं त्यांचंच.

"अगं, मला कशाला काढतेस?" बाबा म्हणाले. "आपल्यासारखा काळा माणूस टीव्हीवर दिसला, तर एक तर तो चोर असतो, नाहीतर हिरोचा मित्र."

"म्हणून तर काढतेय," ताई म्हणाली. "हा हिरोच आहे."

बाबा मान वळवून वळवून कागदाकडे बघत राहिले आणि शेंगा तशाच राहिल्या.

सुरुवातीचे भाग झकास गेले. मग एका भागात माझी लढाई तिन्हीसांजेला होती. मागचं आकाश आधीच गडद रंगवून झालेलं. त्यात मी उभा राहिलो की नुसते डोळे आणि दात दिसायचे! दिग्दर्शकसाहेब माणूस वाईट नव्हेत, फक्त कायम घाईत. "आकाश पुन्हा रंगवायला वेळ कुठाय? यालाच जरा उजळ करा ना, या भागापुरतं." ताईनं नाक मुरडलं, पण केलं.

स्टुडिओतली रीत अशी, की नव्या भागासाठी माझा रंग मागच्या भागातून उचलायचा. मूळ चित्र शोधत कोण बसणार? त्यामुळे पुढचा भाग उजळ केलेल्या माझ्यापासूनच सुरू झाला. त्यात कुणी 'जरा उठाव यावा' म्हणून आणखी एक हात फिरवला, मग आणखी कुणी. ठरवून कुणीच काही केलं नाही. मी काळ्याचा सावळा झालो आणि सावळ्याचा गव्हाळ. मला कळत होतं, पण मला बोलायला ओळी लिहून मिळतात, आणि ही ओळ कुणी लिहिलीच नव्हती.

एका संध्याकाळी ताई आणि बाबा माझ्यासमोर सोफ्यावर बसले होते.

"तुझा थांबदादा रजेवर गेला का गं?" बाबांनी विचारलं. "हा दुसराच कुणीतरी आणलाय."

"बाबा, तोच आहे तो."

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "असं होय," ते समजुतीनं म्हणाले. "बरोबर आहे. हिरो व्हायचं म्हणजे एवढं करावंच लागत असेल."

रागावले असते तर परवडलं असतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या वेळी अख्खी आगगाडी अडवून धरली होती, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ताईनं साहेबांपुढे माझं पहिलं आणि कालचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं.

"हे कधी झालं?" साहेब चपापले.

"रोज थोडं थोडं."

"पण मग अंधारात हा दिसणार कसा?"

"अंधार आपणच रंगवतो ना, साहेब? आकाश उजळ करू, मागे दिवा लावू. याला हात लावायचा नाही. नाहीतर पुढचे भाग दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्या."

साहेबांनी वेळापत्रकाच्या नावानं बोटं मोडली, येरझाऱ्या घातल्या आणि अखेर मान डोलावली.

आता मी पुन्हा माझ्यासारखा दिसतो. मागच्या दिव्याचा उजेड गालावर पडला की माझ्या काळ्या रंगात तांबूस, निळसर, किती छटा आहेत ते रंगवणाऱ्यांनाही दिसू लागलंय. नवा भाग लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "आला वाटतं रजेवरून," आणि आवाज मोठा केला.

पण मधले ते उजळ केलेले भाग सकाळी पुन्हा दाखवतात. ते काही पुसता येत नाहीत. म्हणून सकाळी मी गव्हाळ असतो आणि संध्याकाळी काळा. खरा कोणता, असं मुलं विचारतात. बाळांनो, सकाळच्या त्या थांबदादाला विचारू नका. बिचारा खोटं बोलणार नाही, पण ताईचं ते पहिलं चित्र त्याला आठवतच नाही.

मला वहीत काढाल तेव्हा एक करा. तुमच्या रंगपेटीतला तो सगळ्यात गडद तपकिरी खडू बहुतेक अजून कोराच असेल. तो घ्या आणि चांगला दाबून रंगवा.