मुकी पट्टी

आमच्या घरात गाण्याचा कान शिवलीलाचा आणि चहाचा हात माझा. ही वाटणी लग्नानंतर लगेच झाली, कारण मी एकदाच गायलो आणि माझ्या बायकोला तेवढं पुरलं.

सात रस्त्याजवळच्या आमच्या घरात एका शाळेनं अडगळीत काढलेला पियानो होता. त्यावर ती मुलांना शिकवायची, पण कागद समोर ठेवू द्यायची नाही. एक ओळ वाजवायची, ती मुलांकडून गाऊन घ्यायची, मग डाव्या हाताचे खालचे सूर वेगळे गाऊन घ्यायची. गळ्यात बसल्याशिवाय पट्टीला बोट लावायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी विचारायची, "हा कुठला सूर?"

"कागदावर ठेवलेलं कपाटात जातं," ती म्हणायची, "कानात ठेवलेलं माणसाबरोबर हिंडतं."

"आणि माणूसच गेलं तर?" मी चेष्टेनं विचारायचो. ती चेष्टा मला महागात पडली.

पियानोची मधली एक पट्टी मुकी होती. आतली हातोडी मोडलेली. पुण्याहून कारागीर बोलावू म्हटलं की शिवलीला म्हणायची, "कशाला? मी आहे की." वाजवताना ती पट्टी आली की तेवढा सूर ती तोंडानं गायची. तिच्या मुलांनाही तीच सवय लागली. नवखा माणूस हसायचा, आम्हाला मात्र त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

शेवटच्या वर्षी, आजारपणात, तिनं स्वतः एक धून बांधली आणि एकट्या अर्शीला शिकवली. अर्शी म्हणजे रिक्षावाल्या बंदेनवाजची मुलगी, यंदा बारावीला. धून कुठं लिहिलेली नाही, मोबाइलवर घेतलेली नाही. श्रावणात शिवलीला गेली. तिचं जे काही उरलं ते त्या पोरीच्या कानात उरलं. पोरगी विसरली तर सगळंच गेलं, या धास्तीनं मला घास गोड लागेना.

म्हणून मी कारागीर बोलावून ती पट्टी दुरुस्त करून घेतली. पियानो नीट असला की धून नीट राहील, एवढीच माझी अक्कल.

रविवारी बंदेनवाज अर्शीला घेऊन आला. ती वाजवायला बसली. सुरुवात छान झाली. मग ती पट्टी आली, खणखणीत वाजली, आणि अर्शीचे हात थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबली.

"काय झालं गं?"

"मला सगळं येतंय की, काका. पण तितं दुसरंच कुणीतरी बोलतंय. मग पुढचं आठवतच न्हाय."

"मॅडम गेल्यापास्नं लई गप झालीय," बंदेनवाज म्हणाला. "घरी टेबलावर बोटं चालवत बसती. तितं बरोबर येतंय म्हणती."

करायला गेलो गणपती, झालं माकड. मला स्वतःचा संताप आला. तिच्या कानात त्या जागी पट्टी नव्हतीच, शिवलीला होती. मी ती जागा बुजवून टाकली होती.

"ती पट्टी दाबू नको. तू गा तो सूर."

"गायला गेलं की रडू येतंय," अर्शी म्हणाली. "मग कोण गाणार, काका?"

"मी आहे की," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती पुन्हा वाजवू लागली. मी तिच्यामागं उभा राहिलो. ती जागा आली तसं अर्शीनं बोट उचललं आणि मी गायलो. अर्शी थांबली नाही. धून शेवटपर्यंत गेली.

"लागला का सूर?" मी विचारलं.

"थोडा उतरला."

"मग चुकलाच की."

"न्हाय, काका. शेवटी शेवटी मॅडमचापण तेवढाच उतरायचा. माझ्या कानात तसाच हाय."

शेजारच्या खोलीत चहा करत मी रोज ऐकत होतो, आणि तिचा सूर उतरत चाललाय हे मला कधी कळलंच नव्हतं. मी खुर्चीत बसलो आणि बंदेनवाजच्या देखत रडलो.

"परत वाजव," मी म्हणालो.