झाकणावरची तिसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे आणि मनात राग धरून ठेवणारी आहे. हे आधीच सांगते, कारण जुन्या वस्तू प्रेमळच असतात असा तुमचा समज असेल. माझ्या कोपऱ्याने आजवर सात नडग्या फोडल्या आहेत. त्यातल्या सहा चुकून.

छावणीच्या फाटकासमोरच्या ट्रंकवाल्याने मला घडवले आणि नुकत्याच भरती झालेल्या एका तरुणाच्या हवाली केले. त्या घरातला तो पहिला सैनिक. त्याने माझ्या काळ्या झाकणावर पांढऱ्या रंगात आपला नंबर आणि नाव घालून घेतले. पुढे त्याचा मुलगा फौजेत गेला. त्याने बापाचे नाव खरवडले नाही, खाली आपली ओळ घातली. घराचा तो नियमच झाला. नातवाने, म्हणजे थोरल्याने, तिसरी ओळ घातली. तिघांच्या खाटांखाली मी राहिले. दर शनिवारी तपासणीला साहेब माझ्या कडेवरून बोट फिरवीत आणि ते स्वच्छ निघे. माझा तो तोराच होता.

मग थोरल्याची बदली बर्फातल्या चौकीवर झाली. तिथे पाठीवर मावेल तेवढेच न्यायचे होते, म्हणून त्याने मला घरी पाठवले. त्याच्या वडिलांचे पाय गेले होते. त्यांच्या अंथरुणाशेजारी मला ठेवले आणि माझ्यावर औषधाच्या बाटल्या मांडल्या. त्यांचे सगळे धाकटा मुलगा करी. अगदी मनापासून करी, हे खोटे नाही.

"थोरल्याचं पत्र आलं का रे?" वडील रोज विचारत.

"नाही बाबा."

पत्र आलेले असे. वडिलांना दुपारी डोळा लागला की धाकटा बाटल्या अलगद खाली ठेवी, झाकण उघडी आणि न फोडलेले पत्र माझ्या तळाच्या वर्तमानपत्राखाली सारी. मला दुसरे कोणी उघडत नसे. थोरला परतला की घर त्याच्या नावावर करीन, असे वडील एकदा बोलून गेले होते. ते धाकट्याच्या जिव्हारी लागले होते. अशी तेवीस पत्रे माझ्या पोटात गेली.

एका सकाळी वडिलांनी काळा रंग मागवला. त्यांनी तिसरी ओळ बुजवली. "बापाला दोन ओळी लिहायला ज्याला सवड नाही, त्याची ओळ इथे कशाला?"

रंगाचा डबा धाकट्याने धरला होता. पत्रे वडिलांच्या हाताखाली वीतभर अंतरावर होती. मला तोंड असते तर घर डोक्यावर घेतले असते. त्या दिवशी मी ठरवले की याला सोडायचे नाही.

महिन्याभरात वडील गेले. थोरला चार दिवसांनी पोहोचला.

"माझी पत्रं मिळत होती ना बाबांना?"

"टपालाचं काय खरं असतं, दादा."

तोवर मी माळ्यावर गाद्यांखाली होते. चढवताना मी धाकट्याची नडगी फोडली. ती सातवी. पत्रे जाळायचे धैर्यही त्याला झाले नाही. अकरा वर्षे छप्पर माझ्यावर गळत राहिले. मी झाकण गंजू दिले, तळ गंजू दिला नाही. लोक त्याला मजबुती म्हणतील. तो राग होता.

थोरला निवृत्त झाला त्याच वर्षी त्याची मुलगी भरती झाली. तिने नवी ट्रंक घेतली नाही, मलाच खाली उतरवले. तळाचा कागद बदलायला म्हणून तिने तो उचलला.

"बाबा, हे तुमचं अक्षर आहे ना?"

थोरल्याने पत्रे मोजली. मग त्याने भावाला वडिलांच्या फोटोसमोर बसवले. "फोड. एकेक. मोठ्याने वाच, त्यांना ऐकू जाऊ दे."

मित्रांनो, मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू? दहाव्या पाकिटावर धाकट्याचेच नाव होते; लपवताना त्याने तेही पाहिले नव्हते. त्याने वाचले, "घर तुझ्या नावावर करायला मी बाबांना लिहिलं आहे. त्यांचं सगळं तू करतोस. मी आलो की मला एक खोली दे." त्याने पत्र खाली ठेवले.

"पुढे वाच," थोरला म्हणाला. अजून तेरा होती.

वाचून झाल्यावर ती ओळ कशी बुजली तेही धाकट्याने सांगितले, तेव्हा थोरल्याने त्याच्या हातात पॉलिश कागद दिला. "डबा तू धरला होतास. आता तूच घास."

धाकटा दोन दिवस घासत होता, बोटे सोलली तरी. काळ्याबरोबर खालचा पांढराही निघाला. तिसऱ्या ओळीच्या जागी नुसता उघडा पत्रा उरला. मुलगी नाव पुन्हा रंगवायला निघाली तेव्हा थोरला म्हणाला, "राहू दे. ज्यांनी बुजवलं, त्यांनाच ते दाखवायचं होतं."

आता तिचे नाव चौथ्या ओळीत आहे. मित्रांनो, आमच्या कड्यांना तेल द्या, आम्हाला ओलीत ठेवू नका आणि दुसऱ्याचे पत्र आमच्या पोटात लपवू नका. थोरल्याने भावाला माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. मी केलेले नाही.

दर शनिवारी ती त्या उघड्या पत्र्याला तेल लावते. बराकीतल्या मुली विचारतात, ही ओळ कोरी का? ती सांगते, ही माझ्या बाबांची. मग ती कोणामुळे गेली, तेही सांगते.