पारावरून जाताना

“दम लागला पाहिजे, पण दोन शब्द बोलता आले पाहिजेत. इतका वेग ठेवा बाई, आणि मध्ये उतरू नका.”

जळगावच्या डॉक्टरांचं हे सांगणं मी रोज सायकल काढताना आठवायची. रक्तात साखर निघाली होती. दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरलं नाही तर गोळ्या सुरू होणार होत्या, आणि गोळ्या घेऊन उपाशी राहायचं नाही. लेकीचा विषमज्वर उतरला तेव्हा मी पद्मालयाच्या गणपतीला दर संकष्टीच्या उपासाचा शब्द दिला होता. बारा वर्षांत एकही संकष्टी मोडली नव्हती.

असोद्याहून मी शिकवते त्या शेजारगावच्या बालवाडीपर्यंत चार किलोमीटर. पण गावची सून मी. पारावर चुलतसासरे बन्सीलाल आबा, डेअरीपाशी थोरले जेठ, पुढे केळीच्या मळ्यातून येणारी कुणाची तरी गाडी. वडीलधारं दिसलं की उतरायचं, पदर सारखा करायचा, सायकल हातात धरून चालायचं. जरा दम लागू लागला की कोणी ना कोणी दिसायचंच.

जाऊ भिकुबाई हसायची. “सायकल हाये का वासरू व? दावं बांध तिले.”

दोन महिन्यांनी काट्यावर उभी राहिले. उतरलं होतं सहाशे ग्रॅम.

“चार किलोमीटरला किती वेळ लागतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाऊण तास.”

“मग पायीच जा की. सायकल कशाला दमवता?” त्यांनी केसपेपर पुढे ओढला. “अजून एक महिना देतो. त्यानंतर गोळ्या.”

उपासकरणीने वैतागू नये म्हणतात. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून वैतागले.

संध्याकाळी पारापाशी गेले. “आबा, डाक्टरांनी सांगितलंय, उद्यापासून मी सायकलवरून उतरनार नाही. राग मानू नका.”

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. “डाक्टर आमच्याहून मोठा झाला का व?”

“डाक्टर नाही, आबा. गनपती.”

शेजारचा झुलाल खोकला. आबा पुन्हा तंबाखू मळू लागले.

सकाळी पूजा उरकून निघाले. पार जवळ आला तशी तिथली बोलणी थांबली. सवयीने उजवा पाय पेडलवरून निघालाच. मी तो पुन्हा ठेवला, मान खाली घातली आणि जोर लावला.